डोंगराला शरण न जाता डोंगर चढणे : कोरियाचे गायासान आणि हेइन्सा विहार



धम्मपदाच्या बुद्धवग्गातला तथागतांचा एक उपदेश सुट्टीच्या प्रवासाची बॅग भरताना आठवावा असा आहे. भयाने ग्रासलेली माणसे डोंगरांना, अरण्यांना, बागांना, वृक्षांना आणि चैत्यांना शरण जातात, असे तथागत तिथे सांगतात. लगेच पुढे ते म्हणतात की हे शरण क्षेमाचे नाही; त्याला शरण जाऊन कोणी दुःखातून सुटत नाही. अट्ठकथेनुसार हा उपदेश अग्गिदत्त नावाच्या ब्राह्मणाला उद्देशून आहे. तो पूर्वी कोसलच्या राजाचा पुरोहित होता आणि पुढे आपल्या शिष्यांना नेमके हेच शिकवत असे, की डोंगराला शरण जा, अरण्याला शरण जा.

मग तथागत स्वतः डोंगरावर का राहिले? राजगृहाच्या गिज्झकूटावर त्यांचा मुक्काम असे. महापरिनिब्बानसुत्तात आनंदाशी बोलताना ते गिज्झकूट रमणीय आहे असे मोकळेपणाने म्हणतात. थेरगाथेत महाकस्सप थेर म्हातारपणीही डोंगर चढतात आणि तिथले खडक, पाणी, मोर, हत्ती यांनी आपले मन कसे रमते ते सांगतात. म्हणजे डोंगर आवडणे यात धम्माला काही अडचण नाही. डोंगरावर आपले ओझे टाकून मोकळे होणे यात आहे.

हा फरक कागदावर सोपा वाटतो, प्रत्यक्षात तसा नाही. परदेशात राहणारे आपण सुट्टीत जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका असे बौद्ध देश पाहायला जातो. तिथे समोर भव्य बुद्धमूर्ती असते, आणि दहा पावलांवर डोंगराच्या देवतेचे ठाणेही असते. मेणबत्त्या, नैवेद्य, परीक्षेत मुलाला यश मिळावे म्हणून तासन्‌तास वाकणाऱ्या आया. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने विचारले, “हे आपले आहे का?” तर काय सांगायचे? या पाठात त्यासाठी एक डोंगर घेऊ.

दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागात, देगू शहरापासून बसने सुमारे दीड तासावर गायासान राष्ट्रीय उद्यान आहे. कोरियन भाषेत ‘सान’ म्हणजे डोंगर. १९७२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याची दोन मुख्य शिखरे १४३० मीटरच्या आसपास आहेत. एकाचे नाव छिलबुलबोंग, म्हणजे सात बुद्धांचे शिखर, आणि दुसऱ्याचे सांगवांगबोंग, म्हणजे गजराजाचे शिखर. ‘गाया’ हे नाव तिथल्या प्राचीन गाया राज्यावरून आले असे काही सांगतात, तर बौद्ध परंपरा ते थेट आपल्या गयेशी जोडते. गयेजवळच्या टेकडीचे पाली नाव गयासीस. तिथला खडक हत्तीच्या मस्तकासारखा दिसतो म्हणून ते नाव पडले असे अट्ठकथा सांगते, आणि चिनी ग्रंथांत तिचे भाषांतर ‘गजशीर्ष पर्वत’ असेच झाले. कोरियातल्या त्या शिखराच्या नावातला हत्ती गयेहून चालत गेला आहे, असे मानायला जागा आहे.

गयासीस म्हटले की आदित्तपरियायसुत्त आठवले पाहिजे. उरुवेल, नदी आणि गया हे तीन कस्सप बंधू अग्निपूजक जटिल होते. ते आपल्या हजार अनुयायांसह भिक्खू झाले, आणि तथागतांनी त्यांना गयासीसावर जे सांगितले ते अग्नीबद्दलच होते : ज्याची पूजा करत होतात तो अग्नी बाहेर नाही, डोळे, कान, मन सारे राग, द्वेष आणि मोहाने जळते आहे. (गयेचे नाव घेताना महाबोधी महाविहार आणि १९४९ चा कायदाही आपल्या मनात येतोच. तो विषय वेगळ्या पाठाचा, पण ‘वारसा कोणाच्या हातात असावा’ हा प्रश्न या लेखातही तुमच्याबरोबर चालत राहील.)

आगीचा हा धागा मुद्दाम हातात ठेवा. गायासानचा इतिहास आगीभोवतीच फिरतो.

लाल पाण्याचा ओढा आणि एक विद्वान

विहारापर्यंत बसने जाता येते, पण तुम्ही ओढ्याकाठच्या पायवाटेने चालत जा. या वाटेला ‘सोरीगिल’ म्हणतात, म्हणजे आवाजाची वाट. सहा-सात किलोमीटर पाण्याचा आवाज सोबत असतो. दरीचे नाव होंगन्यूदोंग, लाल प्रवाहाची दरी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मेपलची पाने इतकी लाल होतात की पाणीच लाल वाहते आहे असे वाटते. धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करून लगेच निघालात तर वेळ बरोबर जुळते.

याच वाटेवर एक लहानसा मंडप आहे, नोंगसानजॉन्ग. तो छ्वे छिवॉन या विद्वानाच्या नावाने ओळखला जातो. इथे थांबा, कारण या माणसाची कथा आंबेडकरी वाचकाला कोरियन वाचकापेक्षाही जास्त कळेल.

छ्वे छिवॉनचा जन्म ८५७ चा. तेव्हा कोरियात शिल्ला राज्य होते आणि समाज ‘गोलपुम’ नावाच्या जन्माधारित दर्जांत विभागलेला होता. ‘गोल’ म्हणजे हाड. दर्जा हाडातच असतो अशी कल्पना. कोणत्या दर्जाच्या माणसाने किती मोठे घर बांधावे, कोणते कापड नेसावे, कशा गाडीतून जावे, याचे नियम ८३४ मध्ये राजाज्ञेने जाहीर झाले होते. सरकारी पदांच्या सतरा पायऱ्या होत्या, आणि कोणी कुठपर्यंत चढायचे ते जन्माने ठरे. छ्वे छिवॉन सहाव्या शिरोदर्जाचा, म्हणजे राजघराण्याच्या खालच्या थरातला. बारा वर्षांचा असताना त्याला शिकायला चीनला पाठवले. तिथे अठराव्या वर्षी तो तांग साम्राज्याची परीक्षा उत्तीर्ण झाला, अधिकारी झाला, लेखक म्हणून त्याचे नाव झाले. ८८५ मध्ये तो मायदेशी परतला. ८९४ मध्ये त्याने राणी जिनसॉन्गला राज्यसुधारणेचा दहा-बारा कलमांचा प्रस्ताव दिला. त्याला मान म्हणून ‘आछान’ हे पद मिळाले. ते त्याच्या जन्मदर्जाला मिळू शकणारे सर्वांत वरचे पद होते. प्रस्ताव मात्र उमराव घराण्यांच्या राज्यात अमलात आला नाही. शेवटी तो गायासानला आला आणि इथेच राहिला. त्याचा मृत्यू कधी झाला ते इतिहासाला माहीत नाही. टोपी आणि जोडे जंगलात ठेवून तो नाहीसा झाला अशी दंतकथा आहे.

परदेशात शिकून आलेला, विद्वत्तेत कोणाला हार न जाणारा, आणि मायदेशात पाऊल ठेवताच जन्माच्या भिंतीवर आदळलेला माणूस. १९१७ चे बडोदे तुम्हाला आठवले असेल. न्यूयॉर्क-लंडनहून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. शिल्लाची दर्जाव्यवस्था आणि आपली जातिव्यवस्था एकच होती असे म्हणता येणार नाही. छ्वे छिवॉन अस्पृश्य नव्हता, सुस्थितीतल्या घरातला होता. पण भिंत त्याच जातीची होती, हे मात्र खरे.

त्या भिंतीपाशी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक डोंगरात गेला, दुसरे महाडला गेले. छ्वे छिवॉनला दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. एकट्या माणसाने मोडकळीला आलेल्या राज्यात काय करायचे होते? तरीही हा प्रश्न आपल्यासाठी जिवंत आहे. परदेशात आपल्याला बरी नोकरी आहे, शांत वस्ती आहे, शनिवार-रविवार ध्यानशिबिराला जाण्याची सोय आहे. ज्या भिंतींवर आपले आईबाप आदळले त्या इथे रोज दिसत नाहीत. अशा वेळी धम्मच आपला डोंगर होऊ शकतो, आत शिरायचे आणि दार लावून घ्यायचे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत भिक्खूबद्दल हाच प्रश्न टाकला आहे : भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस व्हावा म्हणून आहे की समाजाचा सेवक म्हणून? केवळ परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थीच ठरतो आणि धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे त्यांचे स्पष्ट उत्तर आहे. हे भिक्खूंना लागू आहे, तसेच दर रविवारी मॅट घेऊन निघणाऱ्या आपल्यालाही आहे.

विहार डोंगरावर का आहेत?

कोरियात फिरताना प्रत्येकाच्या लक्षात येते की जुने विहार बहुतेक डोंगरांत आहेत. पर्यटन पुस्तिका याचे कारण ‘निसर्गाशी एकरूपता’ असे देतात. तेही थोडे खरे आहे. हेइन्सा विहार ८०२ मध्ये सुनऊंग आणि इजॉन्ग या भिक्खूंनी स्थापन केला, तेव्हा ते स्वतःहून डोंगरावर आले होते. पण शहरांतले विहार कुठे गेले? १३९२ मध्ये जोसॉन राजवट आली, तिने कन्फ्यूशियसच्या विचाराला राजमान्यता दिली आणि बौद्ध संघाचे खच्चीकरण केले. विहारांच्या जमिनी गेल्या, संख्या घटवली गेली, भिक्खूंना समाजाच्या तळाच्या वर्गांत गणले गेले. कागद बनवण्यापासून किल्ले बांधण्यापर्यंतची वेठ त्यांच्यावर लादली गेली. राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकायला भिक्खूंना बंदी होती. ती १८९५ मध्ये उठली.

गावकुसाबाहेर राहण्याचा अर्थ ज्यांना आजी-आजोबांकडून कळलेला आहे, त्यांनी हे विहार पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. डोंगरावरची ती शांतता काही अंशी हद्दपारीची आहे. जाता जाता आणखी एक नोंद : कोरियातही ‘बेकजॉन्ग’ नावाचा, खाटकाचे आणि कातड्याचे काम करणारा बहिष्कृत समाज होता. त्यांनी समतेसाठी ‘ह्यॉन्गप्यॉन्गसा’ ही संघटना १९२३ मध्ये जिंजू शहरात उभारली. जिंजू गायासानच्याच प्रांतात आहे. नावातल्या ‘ह्यॉन्ग’चा अर्थ तराजू. महाडच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट, आणि आपल्या पुस्तकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो.

एक्क्याऐंशी हजार फळ्या

कोरियन बौद्ध तीन विहारांना त्रिरत्नांचे विहार म्हणतात : बुद्धासाठी तोंगदोसा, धम्मासाठी हेइन्सा, संघासाठी सोंगग्वांगसा. हेइन्सा धम्माचा, कारण इथे संपूर्ण त्रिपिटक लाकडी फळ्यांवर कोरून ठेवलेले आहे. चिनी लिपीतले हे त्रिपिटक आपल्या पाली तिपिटकाहून वेगळे आणि मोठे आहे. त्यात महायान ग्रंथही आहेत. फळ्यांची रूढ संख्या ८१,२५८. एकेक फळी साधारण ७० सेंटिमीटर लांब, २४ सेंटिमीटर रुंद, तीन ते चार किलो वजनाची. दोन्ही बाजूंना कोरीव अक्षरे, एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ अक्षरे. गुणाकार केलात तर पाच कोटींच्या वर अक्षरे होतात, सगळी उलटी कोरलेली, छापल्यावर सुलटी यावीत म्हणून.

ही दुसरी आवृत्ती आहे. पहिली अकराव्या शतकात, खितान टोळ्यांच्या स्वाऱ्यांच्या काळात कोरायला घेतली होती. देगूजवळच्या विहारात ती ठेवली होती आणि १२३२ मध्ये मंगोल स्वारीत जळून गेली. राजदरबार गांगह्वा बेटावर पळाला होता, देश लुटला जात होता. अशा वेळी १२३६ मध्ये पुन्हा पहिल्यापासून कोरायला सुरुवात झाली आणि १२५१ मध्ये काम संपले. लाकूड बहुतांशी रानचेरीचे आणि नाशपातीचे. परंपरा सांगते की ते समुद्राच्या पाण्यात मुरवले, मिठाच्या पाण्यात उकळले, सावलीत सुकवले. फळ्या वाकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना जाड पट्ट्या बसवल्या, वरून लाखेचा लेप दिला.

राजाने हे कशासाठी केले? बुद्धाच्या सामर्थ्याने मंगोल परत जावेत म्हणून. तशी प्रार्थना १२३७ मध्ये लिहिली गेली आहे. आता आपल्या पद्धतीने विचारा : मंगोल गेले का? नाही गेले. १२५९ मध्ये तह करावा लागला आणि गोर्यो राज्य मंगोलांचे मांडलिक झाले. नवस म्हणून पाहिले तर तो फळला नाही. आणि तरीही, पावणेआठशे वर्षांनंतर त्या फळ्यांवरून आजही स्वच्छ छपाई होऊ शकते. विसाव्या शतकात जपानमध्ये तयार झालेल्या ‘ताइशो’ त्रिपिटकाला, जे जगभरचे अभ्यासक वापरतात, आधार याच आवृत्तीचा आहे. नवसाने काही केले नाही, कामाने केले.

त्या कामातला एक माणूस आपल्या अभ्यासवर्गासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे : सुगी नावाचा भिक्खू. तो संपादनाचा प्रमुख होता. आधीची कोरियन आवृत्ती, चीनच्या सोंग काळातली आवृत्ती आणि खितानांची आवृत्ती अशा तिन्ही समोर ठेवून त्याने पाठ ताडून पाहिले. कुठे ओळ गळली, कुठे भलताच मजकूर घुसला, कोणता पाठ का स्वीकारला, याची तीस खंडांची नोंद मागे ठेवली. ज्या खितानांशी देश लढला होता त्यांची प्रत बरोबर असेल तर तीच घेतली. धम्मग्रंथ पवित्र आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. पवित्र आहे म्हणूनच तपासायचे.

बाबासाहेबांनी हेच केले, आणि एक पाऊल पुढे जाऊन केले. तथागतांची वचने भाणकांनी पाठांतराने जपली, त्यात चुका शिरल्या, खुद्द तथागतांच्या हयातीतही त्यांच्या नावावर भलते सांगितले गेले, याची उदाहरणे त्यांनी सुत्तांतूनच काढून दाखवली. त्यांतले एक आलगद्दूपमसुत्त. मग त्यांनी कसोटी दिली : जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत नाही, जे माणसाच्या कल्याणाशी संबंधित नाही, ते बुद्धवचन मानता येणार नाही. सुगीने प्रत प्रतीशी ताडली. बाबासाहेबांनी वचन विवेकाशी ताडले. दोन्ही कामांना भक्ती लागते, पण गुडघे टेकणारी नव्हे.

झरोके

चौदाव्या शतकाच्या शेवटी, १३९८ मध्ये, या फळ्या हेइन्साला आल्या. त्या ज्या इमारतींत आहेत त्या पंधराव्या शतकातल्या, नाव जांगग्यॉन्ग पानजॉन. विहाराच्या सर्वांत वरच्या पायरीवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर, दोन लांब आणि दोन लहान दालने. समोरच्या लांब दालनाचे नाव सुदाराजांग. ‘सुदारा’ म्हणजे आपले ‘सूत्र’. बाहेरून पाहिलेत तर निराशा होईल इतकी साधी : लाकडी खांब, मातीच्या भिंती, उभ्या गजांचे झरोके. रंगरंगोटी नाही, मूर्तींची गर्दी नाही.

त्या झरोक्यांकडे नीट पाहा. पुढच्या भिंतीत खालचे झरोके मोठे आणि वरचे लहान. मागच्या भिंतीत उलट, वरचे मोठे आणि खालचे लहान. दरीतून चढणारा वारा आत शिरतो, फळ्यांमधून खालवर फिरतो आणि निघून जातो; कुठे कोंडत नाही. जमिनीत मातीबरोबर कोळसा, मीठ आणि चुना आहे. पावसाळ्यात ती ओल शोषते, कोरड्या दिवसांत परत सोडते. विसाव्या शतकात यांच्यासाठी आधुनिक यंत्रणेची नवी कोठी बांधून काही फळ्या तिथे ठेवून पाहिल्या. त्या बिघडू लागल्या म्हणून तो बेत सोडावा लागला. या छपरावर पक्षी बसत नाहीत, कोळी जाळे विणत नाही, अशा कथा तुम्हाला तिथे ऐकवल्या जातील. ऐका आणि हसून सोडून द्या. झरोक्यांचे मोजमाप त्यांहून जास्त थक्क करणारे आहे. हे असल्यामुळे ते होते, हे नसल्यामुळे ते होत नाही, हा पटिच्चसमुप्पाद मुलांना शिकवायला याहून चांगली भिंत मला माहीत नाही. आणि इथेच डोंगराचा खरा वाटा दिसतो. उतार, झाडी, दरीतला वारा हे सारे त्या ग्रंथालयाचे भाग आहेत. वरचे जंगल तोडले तर खालची अक्षरे कुजतील. राष्ट्रीय उद्यान आणि विहार यांना वेगळे करता येत नाही, ते या अर्थाने.

हेइन्साला अनेकदा आगी लागल्या. १८१७ च्या मोठ्या आगीत बहुतेक इमारती गेल्या; आज दिसणारा मुख्य बुद्धविहार त्यानंतरचा आहे. फळ्यांची दालने वाचली. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, उत्तरेच्या सैन्याचे मागे राहिलेले गनीम या डोंगरात लपले होते. दक्षिणेच्या हवाई दलाचा कर्नल किम यॉन्ग-ह्वान चार विमानांची तुकडी घेऊन निघाला होता आणि विहाराच्या परिसरावर बॉम्ब टाकण्याचा आदेश त्याला मिळाला. त्याने तो पाळला नाही. युद्धात आदेश मोडण्याची शिक्षा काय असते ते त्याला ठाऊक होते. तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, विमानप्रवासात तो बेपत्ता झाला. विहाराच्या वाटेवर त्याचा स्मृतिस्तंभ आहे. मुख्य मूर्तीपुढे जितका वेळ थांबाल तितकाच तिथे थांबा.

तिथे गेल्यावर

आता मुलाच्या प्रश्नाकडे. हेइन्साच्या आवारात गुकसादान नावाचे लहान देवघर आहे. गायासानची रक्षक देवता जॉन्गग्यॉन मोजू हिचे. कोरियातल्या बहुतेक विहारांत डोंगराच्या देवाचे असे ठाणे असते. बौद्ध धम्म तिथे पोचण्याआधीची ही श्रद्धा, विहारांनी ती पोटात घेतली. मुलाला सरळ सांगा : हे इथल्या लोकांचे जुने दैवत आहे, आपण त्याला हात जोडत नाही, आणि जोडणाऱ्याची चेष्टाही करत नाही. प्रतिज्ञा आपल्या आचरणासाठी आहेत, यजमानांची परीक्षा घेण्यासाठी नाहीत. परीक्षेसाठी वाकणाऱ्या आयांकडे पाहून नाक मुरडण्याआधी आपल्या घरच्या देवळाच्या रांगाही आठवाव्यात. त्या तुटायला किती वर्षे लागली ते आपल्याला माहीत आहे.

वाकण्याबद्दल आणखी एक. याच डोंगरातल्या बेन्यॉनाम कुटीत सॉन्गछॉल नावाचे भिक्खू राहत (१९१२–१९९३), विसाव्या शतकातले कोरियाचे सर्वांत आदरणीय आचार्य. त्यांना भेटायचे तर आधी बुद्धमूर्तीपुढे तीन हजार वेळा वाकावे लागे. मंत्री असो वा शेतकरी, सूट कोणालाच नव्हती. ही कठोरता मला पूर्णपणे पटत नाही, पण हुद्दा दारातच काढून ठेवायला लावण्याची ती एक रीत होती हे मान्य करावे लागते.

काही व्यावहारिक गोष्टी. राष्ट्रीय उद्यानांचे प्रवेशशुल्क २००७ मध्येच बंद झाले होते, पण विहार ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणून वाटेवरच पैसे घेत. आम्ही डोंगर चढायला आलो, विहार पाहायला नाही, असे म्हणत गिर्यारोहक वर्षानुवर्षे भांडले. मे २०२३ पासून जोग्ये संप्रदायाच्या ६५ विहारांनी ते शुल्क सोडले. फळ्यांच्या दालनात सहसा आत जाता येत नाही, झरोक्यांतूनच पाहावे लागते. २०२१ पासून आगाऊ नोंदणी करणाऱ्या थोड्या लोकांना आत नेतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. फोटो काढू नका म्हटले तर काढू नका. विहारापासून सांगवांगबोंग शिखर सुमारे चार किलोमीटर. वरचा टप्पा खडकाळ आहे, लहान मुलांना तिथे नेऊ नये. उन्हाळ्याआधी आणि हिवाळ्याच्या तोंडावर वणव्याच्या भीतीने काही वाटा बंद ठेवतात, त्याही पाहून घ्या. काडेपेटी बरोबर नेऊ नका. संध्याकाळी थांबलात तर मोठ्या नगाऱ्याचा आवाज ऐका. भिक्खू आळीपाळीने तो वाजवतात आणि दरी भरून जाते.

त्रिसरण-पंचशील घ्यायचे तर ओढ्याकाठच्या वाटेवर, छ्वे छिवॉनच्या मंडपापाशी घ्या. तिथे गर्दी कमी असते आणि पालीचे शब्द स्वतःच्या कानांना ऐकू येतात.

जे जाणार नाहीत त्यांनीही पुढच्या अभ्यासवर्गाला दोन सुत्ते वाचून यावे : आदित्तपरियाय आणि आलगद्दूपम. सोबत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना. चर्चेसाठी प्रश्न एकच ठेवू : छ्वे छिवॉन आपल्या संस्थेच्या सभेला आला असता, तर आपण त्याला कोणते काम दिले असते?

जय भीम, नमो बुद्धाय.